डेटाबेस सर्व्हर जोडला जात नाही तेव्हा: तपासणीचा नेमका क्रम

जळगावच्या दाल मिलमधला हिशेबाचा संगणक असो, चोपड्याच्या जिनिंगमधला वजनकाटा असो की शहाद्याच्या पतसंस्थेचा काउंटर, या सगळ्यांच्या मागे, सगळ्या नोंदी साठवून बाकी संगणकांना पुरवणारा, एक डेटाबेस सर्व्हर चालू असतो. तो मिळेनासा झाला की फोन येतो, "भाऊ, सर्वर बंद पडी गयं!" मदतीला कोणी पोहोचेपर्यंत तिथे राऊटर दोन-तीनदा बंद-चालू झालेला असतो, फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, काढून टाकलेली असते आणि कोणीतरी सॉफ्टवेअर नव्याने टाकायला घेतलेलं असतं. मूळ बिघाड बहुधा लहानच असतो. या धावपळीत त्यावर आणखी दोन बिघाड चढतात, आणि मग नेमकं काय बिघडलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर मिळवायचं आणि मगच पुढे जायचं. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर या चार डेटाबेसना हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत विंडोज जास्त असल्यामुळे आदेश आधी विंडोजचे दिले आहेत. ते इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. संगणकावर मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

## तयारी: बिघाड होण्याआधीच करायची

सर्व्हरच्या खोलीत, भिंतीवर किंवा कपाटाच्या दाराला, एक कागद चिकटवलेला हवा. त्यावर पुढच्या गोष्टी लिहा:

- सर्व्हरचा आयपी पत्ता आणि सबनेट मास्क
- राऊटरचा पत्ता
- डेटाबेसचं नाव, आवृत्ती आणि विंडोजमधलं सर्व्हिसचं (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) नाव
- पोर्ट क्रमांक, म्हणजे ज्या आकड्यावर डेटाबेस जोडणीची वाट पाहतो, "ऐकतो", तो आकडा (स्विचवरची केबलची पोर्टं वेगळी). मूळ ठेवणीत मायएसक्यूएल आणि मारियाडीबी ३३०६ वर, पोस्टग्रेएसक्यूएल ५४३२ वर, एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर आणि ओरॅकल १५२१ वर ऐकतो. तुमच्याकडे कोणी तो बदलला असेल तर बदललेला लिहा
- एसक्यूएल सर्व्हर असेल तर इन्स्टन्सचं, म्हणजे त्या यंत्रावर चालणाऱ्या त्याच्या प्रतीचं, नाव
- कोणती केबल स्विचच्या कोणत्या पोर्टमध्ये आहे

पासवर्ड या कागदावर लिहू नका. तो मालकाकडे किंवा व्यवस्थापकाकडे बंद पाकिटात असू द्या, पण असू द्या. रात्री आठ वाजता गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग आणि ॲडमिनचा पासवर्ड फक्त सोडून गेलेल्या माणसाला ठाऊक, ही अवस्था टाळता येण्यासारखी आहे.

सोबत एक चालू असल्याची खात्री केलेली केबल आणि एक लॅपटॉप हाताशी ठेवा. काल रात्रीचा बॅकअप आहे ना, हेही आधी पाहून घ्या. जोडणीच्या तपासणीत डेटाला हात लावायची वेळ येत नाही, पण घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नसतो.

सावध: तपासणी सुरू झाली की एका वेळी एकच बदल करा आणि तो वेळेसह वहीत लिहा. बदलाचा उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या आणि मगच दुसरा करा.

## टप्पा १: एरर पूर्ण वाचा, मग दोन प्रश्न विचारा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

"कनेक्ट होत नाही" एवढं पुरेसं नाही. पडद्यावरच्या मजकुराचा मोबाइलने फोटो काढा, आकड्यांसकट. एररच्या तीन जाती असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

पहिली जात: नकार. यात "कनेक्शन रिफ्यूज्ड" असं लिहिलेलं असतं. विंडोजवर १००६१ आणि लिनक्सवर १११ हा आकडा दिसतो. याचा अर्थ असा की तुमचा निरोप त्या पत्त्यावरच्या यंत्रापर्यंत पोहोचला आणि तिथून लगेच "या पोर्टवर कोणी नाही" असं उत्तर आलं. तार ठीक आहे, स्विच ठीक आहे. डेटाबेसची सर्व्हिस बंद आहे, वेगळ्या पोर्टवर आहे, किंवा फक्त स्वतःपुरती ऐकते आहे. क्वचित तो पत्ता आता दुसऱ्याच यंत्राकडे गेलेला असतो. ही एरर एका क्षणात येते.

दुसरी जात: मौन. यात "टाइम्ड आउट" दिसतं. विंडोजवर १००६० आणि लिनक्सवर ११० हा आकडा असतो. पडदा बराच वेळ अडकून राहतो आणि मग एरर येते. निरोप गेला, पण उत्तर आलंच नाही. इथे फायरवॉल, चुकीचा किंवा बदललेला आयपी, बंद पडलेला सर्व्हर किंवा तुटलेली तार यांचा संशय घ्यायचा. लिनक्सवर ११३, म्हणजे "नो रूट टू होस्ट", दिसलं तर पत्ता आणि तार यांच्याकडे आधी वळा.

तिसरी जात: दारावरून परत. मायएसक्यूएलची १०४५ किंवा ११३०, एसक्यूएल सर्व्हरची १८४५६, पोस्टग्रेएसक्यूएलची "नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री" ही सगळी या जातीची. इथे नेटवर्क पूर्ण चालू आहे, कारण हे उत्तर खुद्द डेटाबेसने दिलेलं आहे. अशी एरर समोर असताना राऊटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. थेट टप्पा ६ वर जा.

नकाराची एरर ताबडतोब येते आणि मौनाची उशिरा. एररचा मजकूर मिळाला नाही, तर फोनवर नुसतं एवढं विचारा: "एरर लगेच येते की थांबून येते?" या एका प्रश्नावर निम्मं काम होतं.

आता दोन प्रश्न:

1. एकच संगणक अडला आहे की सगळे? एकच अडला असेल तर सर्व्हरला हात लावू नका. बिघाड बहुधा त्या संगणकात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे.
2. काल आणि आज यांत काय बदललं? वीज गेली होती का, नवा राऊटर किंवा प्रिंटर बसला का, कॅमेऱ्याचं काम करणारी माणसं येऊन गेली का, विंडोज अपडेट झालं का?

दुसरा प्रश्न विचारला की आधी उत्तर येतं, "काहीच बदललं नाही." तेव्हा एकेक गोष्ट नाव घेऊन विचारा. "कॅमेरे कधी बसवले?" असं विचारलं की "ते तर कालच बसवले" हे निघतं.

## टप्पा २: सर्व्हरसमोर बसून पाहा

नेटवर्कला दोष देण्याआधी डेटाबेस स्वतः जिवंत आहे का, ते पाहायचं.

1. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीत डेटाबेसची सर्व्हिस "रनिंग" आहे का पाहा. लिनक्सवर सिस्टमसीटीएल स्टेटस हा आदेश वापरा.
2. बंद असेल तर एकदाच सुरू करून पाहा. पुन्हा पडली तर डिस्कवर जागा उरली आहे का पाहा आणि डेटाबेसची एरर लॉग फाइल उघडा. डिस्क पूर्ण भरणं हे आपल्याकडे वारंवार दिसणारं कारण आहे, कारण रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर साचत जातो. हा जोडणीचा बिघाड नव्हे. त्याचा निकाल लॉग वाचूनच लावा.
3. चालू असेल तर सर्व्हरवरूनच १२७.०.०.१ या पत्त्याने जोडून पाहा.
4. मग सर्व्हरवरूनच, पण त्याच्या स्वतःच्या नेटवर्क पत्त्याने, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, जोडून पाहा.

तिसरी पायरी जमली आणि चौथीत नकार आला, तर डेटाबेस फक्त स्वतःपुरता ऐकतो आहे. टप्पा ४ वर जा. नकाराऐवजी दारावरून परतवणारी एरर आली, तर टप्पा ६ पाहा. दोन्ही जमल्या तरी फायरवॉल ठीक आहे असं समजू नका. सर्व्हर स्वतःच्याच पत्त्यावर जोडतो तेव्हा तो निरोप यंत्राबाहेर पडतच नाही.

सावध: लिनक्सवर मायएसक्यूएलला "लोकलहोस्ट" हे नाव दिलं तर तो नेटवर्क सोडून त्याच यंत्रापुरत्या सॉकेट फाइलमधून जोडतो. त्यामुळे ती चाचणी नेटवर्कबद्दल काहीच सांगत नाही. चाचणी करताना नेहमी १२७.०.०.१ असा आकडाच टाका.

## टप्पा ३: तार, वीज आणि पत्ता

एररमध्ये मौन असेल तर खरी शोधाशोध इथे असते. खानदेशात तर जास्तच.

### ३.१ दिवे आणि वीज

सर्व्हरच्या आणि अडलेल्या संगणकाच्या मागे, आणि स्विचवर त्या दोघांच्या पोर्टला, दिवा लागलेला आहे का पाहा. दिवा नाही म्हणजे जोडणी नाही. पुढचं सगळं नंतर. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. तरी दिवा नाही तर खात्रीची केबल लावा.

सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच-राऊटर भिंतीतल्या साध्या प्लगवर, ही रचना अनेक ठिकाणी दिसते. वीज जाते, सर्व्हर चालू राहतो, पण मधला रस्ताच बंद. स्विच आणि राऊटर दोन्ही मिळून फार थोडी वीज खातात. त्यांनाही यूपीएसवर घ्या.

मे-जूनमधल्या वळवाच्या पावसानंतर फोन आला तर विजेचा संशय आधी घ्या. दोन इमारतींमधून उघड्यावर टाकलेल्या तांब्याच्या केबलमधून धक्का आत येतो आणि स्विचचं एखादंच पोर्ट जळतं. बाकी स्विच नीट चालत राहतो, म्हणून लक्षात येत नाही.

उन्हाळा हा वेगळा विषय. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुकानात मिळणारे साधे स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या शेडखाली, बंद लाकडी पेटीत ठेवलेला स्विच दुपारी अडखळतो आणि रात्री सुरळीत चालतो. जिनिंगमध्ये त्यावर रुईचे तंतूही बसतात. तो स्विच कार्यालयात, पंख्याखाली आणा आणि दर पंधरवड्याला साफ करा.

### ३.२ केबलची लांबी

गेटवरचा काटा आणि कार्यालय यांत अंतर किती? तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. १४०-१५० मीटर ओढली तर दिवा लागतो, पिंगही (उत्तर मागणारा छोटा चाचणीचा निरोप) जातो, पण मोठी पावती सेव्ह करताना जोडणी तुटते. मध्ये पिळून, टेप मारून जोडलेली केबलही तशीच वागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती लांब अंतराला वापरू नका.

यावर पक्का उपाय म्हणजे दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला निरोप प्रकाशात बदलणारी डबी) आणि मधे फायबर. अंतराचा प्रश्न सुटतो आणि वळवाच्या विजेचा रस्ताही बंद होतो, कारण काचेच्या धाग्यातून विजेचा धक्का जात नाही. फक्त धातूची आधारतार नसलेली फायबर मागा. गेट लांब असेल तर मी हाच खर्च आधी करायला सांगतो.

### ३.३ आयपी पत्ता

आता अडलेल्या संगणकावर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे, आयपीकॉन्फिग हा आदेश चालवा. चार गोष्टी पाहा.

1. पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो का? होत असेल तर त्या यंत्राला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. वीज आल्यावर संगणक आधी आणि राऊटर नंतर उठला की असं होतं. आयपीकॉन्फिग रिन्यू करा किंवा केबल काढून पुन्हा लावा.
2. सर्व्हरचा पत्ता कागदावरचाच आहे का? राऊटर बंद-चालू झाल्यावर सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा कालचा १० जाऊन आज २३ झाला असेल, तर सगळे संगणक रिकाम्या घराचं दार ठोठावत बसतात. सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवा. एक तर राऊटरमध्ये त्याचं आरक्षण करा, नाहीतर राऊटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा पत्ता हाताने द्या. पट्ट्यातला पत्ता हाताने दिला, तर उद्या राऊटर तोच एखाद्या मोबाइलला देऊ शकतो.
3. दोघांचं नेटवर्क एकच आहे का? एक १९२.१६८.१ मध्ये आणि दुसरा १९२.१६८.० मध्ये असेल, तर मधे कोणीतरी दुसरा वाय-फाय राऊटर बसवला आहे. त्याची केबल वॅन (बाहेरच्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये असेल तर आतले संगणक बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकतात, पण सर्व्हरच आत असेल तर बाहेरून तो दिसत नाही. लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये असेल तर दोन राऊटर पत्ते वाटत बसतात आणि कोणाला कुठला मिळेल याचा नेम नाही. दुसऱ्या राऊटरची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करा, त्याला पहिल्याच्या नेटवर्कातला मोकळा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवा.
4. तोच पत्ता आणखी कोणाकडे आहे का? कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला किंवा प्रिंटरला सर्व्हरचा पत्ता दिला गेला, की जोडणी कधी लागते, कधी नाही. सर्व्हरची केबल काढा आणि दुसऱ्या संगणकावरून तोच पत्ता पिंग करा. उत्तर आलं तर दुसरा मालक सापडला. उत्तर नाही आलं तरी एआरपी हायफन ए या आदेशाने त्या पत्त्यासमोर एखादा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, दिसतो का पाहा.

सावध: पिंगला उत्तर नाही म्हणजे सर्व्हर मेला, असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि डेटाबेसचं पोर्ट मात्र उघडं असू शकतं. उलट पिंग जातो म्हणजे डेटाबेस चालू, हेही खरं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल, तर एकदा नावाऐवजी आयपी टाकून पाहा. आयपीने जमलं आणि नावाने नाही, तर नावाचा पत्ता चुकतो आहे. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये मागच्या सर्व्हरची जुनी ओळ राहिली आहे का पाहा. तसंच वाय-फायवर असाल तर "गेस्ट" नेटवर्कवर नाही ना, याची खात्री करा. गेस्ट वाय-फायवरून इंटरनेट चालतं, पण कार्यालयातली बाकी यंत्रं मुद्दाम लपवलेली असतात.

## टप्पा ४: डेटाबेस कुठे ऐकतो आहे?

सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटस्टॅट, स्पेस, हायफन ए-एन-ओ चालवा आणि "लिसनिंग" लिहिलेल्या ओळींत तुमचं पोर्ट शोधा. लिनक्सवर एसएस, स्पेस, हायफन एल-टी-एन-पी.

- ०.०.०.०:३३०६ दिसलं तर तो सगळीकडून ऐकतो आहे. पुढच्या टप्प्यावर जा.
- १२७.०.०.१:३३०६ दिसलं तर तो फक्त स्वतःचंच ऐकतो.
- पोर्टच नसेल तर सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट बदललेलं आहे.

मायएसक्यूएल, मारियाडीबी: माय.आयएनआय किंवा लिनक्सवरच्या .सीएनएफ फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस ही ओळ पाहा. उबुंटू-डेबियनच्या पॅकेजमध्ये ती १२७.०.०.१ अशी येते. तिथे सर्व्हरचा नेटवर्क पत्ता किंवा ०.०.०.० लिहा. स्किप-नेटवर्किंग ही ओळ चालू असेल तर ती काढा. सर्व्हिस पुन्हा सुरू करा. फाइल बदलून सर्व्हिस पुन्हा सुरू करायला विसरणं फार दिसतं.

पोस्टग्रेएसक्यूएल: पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फमध्ये लिसन_ॲड्रेसेस मूळ ठेवणीत "लोकलहोस्ट" असतं. ते बदला. यालाही पूर्ण रीस्टार्ट लागतो, नुसत्या रीलोडने (चालू असतानाच फाइल पुन्हा वाचायला लावण्याने) भागत नाही.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस: लहान व्यवसायांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा खूप आहे आणि याच्याबाबतीत तीन गोष्टी एकत्र अडतात. मूळ ठेवणीत त्याचं टीसीपी/आयपी बंद असतं. इन्स्टन्स दर वेळी वेगळं पोर्ट घेऊ शकतं. आणि ते पोर्ट सांगणारी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस बहुधा बंद असते. एरर २६ आली तर समजा की इन्स्टन्स सापडतच नाही. उपाय क्रमाने:

1. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, तुमच्या इन्स्टन्सच्या प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी/आयपी चालू करा.
2. त्याच्या गुणधर्मांत अगदी खाली "आयपीऑल" भागात जा. टीसीपी डायनॅमिक पोर्ट्सची जागा रिकामी करा. शून्यही ठेवू नका, कारण शून्याचा अर्थ "कुठलंही पोर्ट घे" असा होतो.
3. टीसीपी पोर्टमध्ये १४३३ लिहा. त्याच यंत्रावर दुसरं इन्स्टन्स ते वापरत असेल तर वेगळा मोकळा आकडा घ्या.
4. इन्स्टन्सची सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि नेटस्टॅटने खात्री करा.

पोर्ट पक्कं केलं की सॉफ्टवेअरमध्ये पत्ता, स्वल्पविराम, पोर्ट असं लिहा: १९२.१६८.१.१०,१४३३. मग ब्राउझर सर्व्हिसची आणि तिच्या यूडीपी १४३४ पोर्टची गरजच उरत नाही. मला हीच मांडणी पसंत आहे. बिघडण्यासारखी एक वस्तू कमी होते.

ओरॅकलवाल्यांनी एलएसएनआरसीटीएल स्टेटस चालवून लिसनर (जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) जिवंत आहे का पाहावं. ओआरए-१२५४१ म्हणजे लिसनर नाही; ओआरए-१२५१४ म्हणजे लिसनर आहे, पण त्याला तुमच्या सर्व्हिसचं नाव ठाऊक नाही.

तपासा: बदलानंतर टप्पा २ मधली चौथी पायरी पुन्हा करा. ती जमल्याशिवाय फायरवॉलकडे जाऊ नका.

## टप्पा ५: फायरवॉल

आता अडलेल्या संगणकावर बसा. पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन हा आदेश द्या, पुढे सर्व्हरचा आयपी आणि हायफन पोर्ट लिहून पोर्टचा आकडा. शेवटच्या ओळीत "टीसीपीटेस्टसक्सीडेड" समोर ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे; टप्पा ६ वर जा. टेलनेटनेही हे कळतं, पण विंडोजमध्ये ते आधी चालू करून घ्यावं लागतं.

फॉल्स आलं आणि मागचे टप्पे नीट पार पडले असतील, तर सर्व्हरवरची फायरवॉल पाहा.

1. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमध्ये इनबाउंड रूल तयार करा: टीसीपी, तुमचं पोर्ट, परवानगी.
2. स्कोपमध्ये दूरचे पत्ते "लोकल सबनेट" एवढेच ठेवा.
3. हा नियम कोणत्या प्रोफाइलला लागू आहे ते पाहा. इथे खूप जण अडकतात. नवा राऊटर बसला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते "पब्लिक" म्हणून नोंदलं जातं. तुमचा नियम "प्रायव्हेट"साठी असेल तर तो जागेवर असूनही उपयोगाचा नसतो. अशा वेळी नेटवर्कच प्रायव्हेट करा.
4. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल आहे का पाहा. असेल तर नियम तिच्यात लिहावा लागेल.

लिनक्सवर उबुंटूत यूएफडब्ल्यू आणि रेड हॅट घराण्यात फायरवॉलडी असते. फायरवॉलडीमध्ये नियम देताना "परमनंट" हा शब्द राहिला, तर रीस्टार्टनंतर नियम नाहीसा होतो. तो दिला तर वर रीलोडही करावा लागतो.

सावध: अख्खी फायरवॉल बंद करणं हा उपाय नाही. शंका फेडण्यासाठी मिनिटभर बंद करायचीच असेल तर आधी इंटरनेटची तार काढा, चाचणी करा आणि त्याच मिनिटात पुन्हा चालू करा. "आता चालतंय, राहू दे" म्हणून बंद ठेवलेला सर्व्हर खंडणी मागणाऱ्या व्हायरसला मोकळा मिळतो, आणि तिथे शेतकऱ्यांच्या पैशांचे हिशेब असतात.

## टप्पा ६: दारावरची परवानगी

इथपर्यंत आलात म्हणजे नेटवर्क चालू आहे. आता डेटाबेसचे स्वतःचे नियम.

मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता म्हणजे नाव आणि कुठून आला, ही जोडी असते. "काटा" हा वापरकर्ता लोकलहोस्टवरून चालतो म्हणून गेटवरच्या संगणकावरून चालेलच असं नाही. ११३० म्हणजे त्या पत्त्यावरून कोणालाच परवानगी नाही. १०४५ म्हणजे नाव, पासवर्ड आणि पत्ता यांची जोडी जुळत नाही. एररमध्ये ॲटच्या चिन्हापुढे तो पत्ता लिहिलेला असतो, तो वाचा. परवानगी एकाच आयपीला दिलेली असेल आणि त्या संगणकाचा आयपी वीज गेल्यावर बदलला असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही या दोनपैकी एक एरर येते. परवानगी १९२.१६८.१.% अशी, कार्यालयापुरती द्या. रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, सगळीकडून येण्याची मुभा कधीही देऊ नका.

११२९ आली तर त्या संगणकावरून सलग अर्धवट जोडण्या झाल्यामुळे मायएसक्यूएलने त्याला अडवलं आहे. मूळ मर्यादा १०० आहे. मर्यादा वाढवून प्रश्न झाकला जातो. अर्धवट जोडण्या का होतात ते टप्पा ३ मध्ये शोधा. २०५९ दिसली तर जुनं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल ८ ची पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत ओळखत नाही. सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा कनेक्टर नवा घाला.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी_एचबीए.कॉन्फ वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. तुमची बरोबर ओळ खाली आणि नाकारणारी ओळ वर असेल, तर खालचीला काही अर्थ नाही. या फाइलला रीलोड पुरतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या १८४५६ मागचं खरं कारण संगणकावर दिसत नाही, ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये "स्टेट" च्या आकड्यासह लिहिलेलं असतं. एसक्यूएल लॉगिन वापरत असाल तर सर्व्हर मिक्स्ड मोडमध्ये (विंडोजचं आणि एसक्यूएलचं, दोन्ही लॉगिन चालणाऱ्या) आहे का, हे आधी पाहा.

## टप्पा ७: कधी चालतं, कधी तुटतं

हा सगळ्यात चिवट प्रकार. इथे अंदाज बांधू नका, नोंद ठेवा.

अडणाऱ्या संगणकावर दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरला पिंग हायफन टी, दुसरीत सर्व्हरला. दिवसभर चालू ठेवा आणि जोडणी तुटेल तेव्हा पाहा. दोन्ही एकदम थांबले तर बिघाड या संगणकाच्या केबलमध्ये किंवा स्विचमध्ये. फक्त सर्व्हरचा थांबला तर सर्व्हरची केबल, त्याचं नेटवर्क कार्ड किंवा सर्व्हर स्वतः. एकही थांबला नाही आणि तरी सॉफ्टवेअर तुटलं, तर आधी ३.२ मधली केबलची लांबी आणि जोड पाहा; ते ठीक असेल तर कारण डेटाबेसमध्ये शोधा.

वेळही बरंच सांगते:

- रोज सकाळी पहिल्यांदाच तुटत असेल तर सर्व्हर रात्री झोपी जातो का पाहा. स्लीप बंद करा आणि नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांतली वीज वाचवण्याची खूणही काढा. तरी मायएसक्यूएलची २००६ ही एरर येत असेल तर मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट आठवा: मूळ २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर रिकामी पडलेली जोडणी तो स्वतः तोडतो. सॉफ्टवेअरने ती पुन्हा जोडायला हवी.
- दुपारीच तुटत असेल तर उष्णता.
- ऐन हंगामात, गर्दीच्या वेळी तुटत असेल तर जोडण्यांची मर्यादा. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आणि पोस्टग्रेएसक्यूएलची १०० असते; मायएसक्यूएलची १०४० ही एरर तेच सांगते. दहा-बारा संगणकांच्या कार्यालयात ती भरत असेल तर सॉफ्टवेअर उघडलेल्या जोडण्या बंद करत नाही. ते बनवणाऱ्याला कळवा.

## टप्पा ८: दुसऱ्या गावाची शाखा

सर्व्हर जळगावला आणि शाखा धडगावला असेल तर वरचे सगळे टप्पे आधी सर्व्हरच्या गावात पूर्ण करा. मग रस्ता पाहा.

राऊटरमध्ये ३३०६ किंवा १४३३ हे पोर्ट इंटरनेटला उघडून देणं हा सोपा वाटणारा उपाय आहे. तो करू नका. उघड्या डेटाबेस पोर्टांचा शोध घेणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. शिवाय अनेक कंपन्या आता एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, तिथे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. व्हीपीएन, म्हणजे दोन गावांमधला इंटरनेटवरचा बंदिस्त रस्ता, घ्या आणि डेटाबेस त्यातूनच जोडा.

व्हीपीएन जोडलं गेलं तरी सर्व्हर दिसत नसेल तर पहिली शंका ही: दोन्ही गावांत १९२.१६८.१ हेच नेटवर्क आहे का? असेल तर शाखेतला संगणक १९२.१६८.१.१० आपल्याच खोलीत शोधतो, निरोप व्हीपीएनमध्ये जातच नाही. एका गावाचं नेटवर्क बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.५०. मग सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि डेटाबेसच्या परवानगीत व्हीपीएनवरून येणारा पट्टा घाला, कारण "लोकल सबनेट" मध्ये तो धरला जात नाही.

## जोडणी लागल्यावर, निघण्याआधी

1. वहीतले तात्पुरते बदल एकेक मागे घ्या: बंद केलेली फायरवॉल, वाढवलेल्या मर्यादा, तपासणीपुरता दिलेला वापरकर्ता. प्रत्येक बदल मागे घेतल्यावर जोडणी टिकते का पाहा.
2. कागदावरचा आयपी, पोर्ट आणि केबलची जागा नव्याने लिहा, खाली तारीख टाका.
3. सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगून सर्व्हर रीस्टार्ट करा. डेटाबेसची सर्व्हिस आपोआप उठली का, आयपी तोच राहिला का, ते पाहा.
4. शेवटी कार्यालयाचा मेन स्विच दोन मिनिटं खाली करा. यूपीएसवर सर्व्हर, स्विच आणि राऊटर तिन्ही चालू राहिले पाहिजेत. मेन पुन्हा वर करा आणि गेटवरच्या संगणकावरून एक पावती सेव्ह करून पाहा.